अंगात वेदनाशामक यंत्र, अंगावर वर्दी: शस्त्रक्रियेआधीपासून ड्युटीपर्यंत काय सांभाळायचं

पाठीच्या दोन शस्त्रक्रिया होऊन गेल्या, गोळ्या पोटाला सोसेनात, इंजेक्शनानं जेमतेम आठवडा बरा जातो आणि पुन्हा तीच कळ. अशा वळणावर डॉक्टर शरीरात यंत्र बसवण्याची गोष्ट काढतात. समोरचा माणूस सैन्यात असला की त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा दुखण्याबद्दलचा नसतोच. "मग मला ड्युटी करता येईल ना?" वेदना-उपचार विभागात नर्स म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर नीट, टप्प्याटप्प्यानं लिहून काढावं असं वाटलं. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि युनिटमध्ये काय सांगायचं, हे त्यातून नक्की कळेल.

सगळा लेख एका प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून तो आधीच सांगते: हे यंत्र आज रात्री बंद पडलं, तर मी कुठे असेन आणि माझं काय होईल?

पायरी १: तुमचं यंत्र कोणत्या जातीचं, ते ओळखा

दुखणं कमी करण्यासाठी शरीरात बसवायची यंत्रं मुख्यतः दोन जातीची. कंपन्यांची नावं कितीही असोत, जात माहीत हवी, कारण पुढचा प्रत्येक नियम तिच्यावरून बदलतो.

पहिली जात स्टिम्युलेटरची. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवतात, त्यांना लीड म्हणतात. लीडचं दुसरं टोक त्वचेखाली बसवलेल्या बॅटरीला जोडलेलं असतं. बॅटरी विजेचे सौम्य ठोके पाठवते आणि मेंदूपर्यंत जाणारा वेदनेचा निरोप अडतो किंवा बोथट होतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांतातून ही कल्पना निघाली आणि १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिलं असं यंत्र माणसात बसवलं. मज्जारज्जूऐवजी हातापायाच्या किंवा डोक्यामागच्या नसेवर बसणारे स्टिम्युलेटरही असतात.

दुसरी जात पंपाची. बुटाच्या पॉलिशची डबी डोळ्यांसमोर आणा. जवळपास तेवढा धातूचा गोल पंप पोटाच्या त्वचेखाली बसतो. त्यातून निघालेली बारीक नळी थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात जाते आणि औषध थेंबाथेंबानं तिथे पोचतं. औषध नेमक्या जागी जात असल्यामुळे मात्रा फार कमी लागते. मॉर्फिनचा ढोबळ हिशोब असा, की तोंडावाटे घेतलेल्या ३०० मिलिग्रॅमचं काम तिथे १ मिलिग्रॅम करतं. पंपाची ताकद याच आकड्यात आहे आणि धोकाही.

आता वरचा प्रश्न लावून पाहा. स्टिम्युलेटर बंद पडला तर दुखणं परत येतं. त्रास होतो, झोप जाते, कामाला माणूस निरुपयोगी होतो, पण जिवावर सहसा बेतत नाही. पंप बंद पडला, रिकामा झाला किंवा नळी निसटली तर काही औषधांच्या बाबतीत जीव जाऊ शकतो. म्हणूनच "शरीरात यंत्र आहे" एवढंच सांगून भागत नाही. मेडिकल ऑफिसरला जात आणि औषध, दोन्ही कळायला हवं. माझं स्पष्ट मत आहे की दूरच्या, एकाकी ठाण्यावर ड्युटी करणाऱ्यानं दोन्ही पर्याय खुले असतील तर आधी स्टिम्युलेटरचा विचार करावा. पंपाचा मार्ग धरायचा तर पोस्टिंगचा विचार आधी, शस्त्रक्रियेचा नंतर.

पायरी २: टाके पडण्याआधी कागद हातात घ्या

यंत्र बसलं की तुमची वैद्यकीय श्रेणी बदलू शकते. प्रत्येक सैन्याचे निकष वेगळे असतात आणि त्याच सैन्यात पायदळ, पाणबुडी, हवाई दल, छत्रीधारी (पॅराशूटनं उतरणारी) तुकडी यांचेही वेगळे. म्हणून शस्त्रक्रियेआधी मेडिकल ऑफिसरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: या यंत्रासह माझी श्रेणी काय राहील, कोणती कामं बंद होतील आणि पुन्हा तपासणी कधी होईल. तोंडी मिळालेलं "होईल हो सगळं" नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

याच वेळी एक अवघड गोष्ट बोलून घेते. वर्दीतल्या माणसाला दुखणं लपवायची सवय लागलेली असते. वर्षानुवर्षं दात आवळून काम केलेलं असतं. मग बाहेरच्या दवाखान्यात गुपचूप यंत्र बसवून यायचा विचार काहींच्या मनात येतो. कृपा करून असं करू नका. बेशुद्ध अवस्थेत तुम्हाला स्ट्रेचरवरून आणलं, तर समोरच्या डॉक्टरला तुमच्या पाठीतल्या तारा दिसणार नाहीत.

दुखण्याची लाज वाटण्याचंही काही कारण नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांच्या भाजल्यासारख्या वेदनेच्या नोंदी केल्या आणि तिला पुढे कॉझाल्जिया हे नाव दिलं. त्या सैनिकांची जखम भरून आली होती, तरी वारा लागला तरी ते कळवळायचे. आज त्याच जातीच्या वेदनेवर स्टिम्युलेटर वापरतात.

पायरी ३: ट्रायल मनापासून करा

स्टिम्युलेटर कायमचा बसवण्याआधी ट्रायल असते. लीड सुईतून आत सरकवतात, बॅटरी मात्र शरीराबाहेर, कमरेला लटकवलेली. ट्रायल साधारण ३ ते ७ दिवस चालते आणि दुखणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झालं तर ती यशस्वी धरतात. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेनं सप्टेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून हेच बजावलं होतं की ट्रायल केल्याशिवाय कायमचं यंत्र बसवू नका. जुलै २०१६ ते जुलै २०२० या चार वर्षांत त्या संस्थेकडे या यंत्रांबद्दल १,०७,७२८ अहवाल आले होते. त्यांतले ७७,९३७ रुग्णाला झालेल्या इजेचे, २९,२९४ यंत्रातल्या बिघाडाचे आणि ४९७ मृत्यूशी जोडलेले. अहवाल आला म्हणजे दोष यंत्राचाच, असं सिद्ध होत नाही. पण हे आकडे पाहिल्यावर "छोटंसं ऑपरेशन, काही होत नाही" असं मी कुणालाही सांगत नाही.

ट्रायलच्या दिवसांत वही ठेवा. आकडे तर लिहाच, पण कामंही लिहा: सलग किती वेळ बसलो, किती पायऱ्या चढलो, रात्री किती वेळा जाग आली, किती गोळ्या घेतल्या. "बरं वाटतंय" यावरून निर्णय घेऊ नका. चालणं, जिने, खुर्ची, गाडीत मागे बसून छोटा प्रवास, एवढं करून बघा. पाठीवर वजन घेऊन पाहायचा मोह मात्र टाळा. ट्रायलची लीड सैलसर असते, ती सरकली तर ट्रायलच खोटी ठरते.

रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर ती ट्रायलच्या आधीच सांगा. मज्जारज्जूजवळ रक्त साठलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. सुई टोचल्यानंतर पायातली ताकद अचानक कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी रुग्णालय.

पायरी ४: बॅटरीची जागा सामानासकट ठरवा

या पायरीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सैनिकाला पुढे सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो.

बॅटरी बहुतेक वेळा नितंबाच्या वरच्या भागात किंवा कमरेच्या बाजूला बसवतात. साध्या माणसाचा पट्टा कुठे येतो ते पाहून सर्जन खूण करतो. पण सैनिकाच्या कमरेला एकच पट्टा नसतो. पॅंटचा पट्टा, त्यावर सामानाचा जाड पट्टा, पिठ्ठूचा (पाठीवरच्या पिशवीचा) कमरबंद, बुलेटप्रूफ जॅकेटची खालची कड, गाडीच्या सीटची धातूची पट्टी. यांतली एक जरी गोष्ट रोज आठ तास बॅटरीवर घासत राहिली, तर आधी वरची कातडी लाल होते, मग पातळ होते आणि शेवटी यंत्र कातडी फोडून बाहेर डोकावतं. एकदा तिथे जंतू शिरले की बहुतेक वेळा सगळंच काढावं लागतं.

एक जवान आमच्याकडे शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आपलं पूर्ण सामान घेऊन आला होता. त्याच्या वरिष्ठ परिचारकानं त्याला तसं सुचवलं होतं. आम्ही त्याला आरशासमोर उभं केलं. जॅकेट घातलं, पिठ्ठू चढवला, कमरबंद आवळला. मग खुर्चीत बसवलं, पुढे वाकवलं, एका गुडघ्यावर टेकवलं. प्रत्येक वेळी जिथे जिथे दाब येत होता तिथे सर्जननं त्वचेवर पेननं रेघ मारली. सगळं उतरवल्यावर त्याच्या कमरेवर रेघांची जाळी उमटली होती आणि मधे तळहाताएवढी जागा मोकळी राहिली होती. बॅटरी तिथेच बसवली. नेहमीच्या जागेपेक्षा ती चार बोटं वर होती. आम्ही नेहमीच्या पद्धतीनं गेलो असतो तर ती कमरबंदाच्या बकलाखाली आली असती.

हे तुम्हीही करा. सामान नेणं शक्य नसेल तर घरी सगळं चढवून पट्ट्यांच्या जागी त्वचेवर पेननं खुणा करा, फोटो काढा आणि सर्जनला दाखवा. आणखी तीन बारकावे: कोणत्या कुशीवर झोपता, गाडी चालवता की मागे बसता आणि बंदुकीचा दस्ता कोणत्या खांद्याला लावता. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण डोक्यामागच्या नसेसाठी स्टिम्युलेटर बसवला तर त्याची बॅटरी कधी कधी गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात. दस्त्याचा धक्का तिथेच येतो. मग बॅटरी दुसऱ्या बाजूला हवी.

लीडबद्दलही एक विचारा. सुईतून जाणारी गोल लीड आणि छोटी शस्त्रक्रिया करून बसवायची चपटी लीड, असे दोन प्रकार आहेत. चपटी सहसा कमी सरकते, पण तिच्यासाठी कण्याच्या हाडाचा थोडा भाग काढावा लागतो. अंगमेहनतीची ड्युटी असेल तर सर्जनशी यावर वेळ घेऊन बोला.

पायरी ५: पहिले सहा ते आठ आठवडे

वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही, हात डोक्यावर ताणायचे नाहीत, दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. लीडभोवती शरीर स्वतःची ऊती तयार करून तिला धरून ठेवतं, त्याला एवढा वेळ लागतो. लीड सरकणं ही या यंत्रांची नेहमीची तक्रार आहे. सैनिकांच्या बाबतीत तिचं कारण बहुधा एकच दिसतं: तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालेलं असतं, अंगात उत्साह असतो आणि माणूस पीटीला उभा राहतो. वरिष्ठांना सांगायला लाज वाटत असेल तर डॉक्टरांकडून तारखेसह लेखी सूट घ्या. "हलकी ड्युटी" एवढंच लिहून भागत नाही. परेड नाही, पिठ्ठू नाही, अडथळ्यांची शर्यत नाही, पहाऱ्यावर सलग उभं राहणं नाही, असं खुलं लिहून मागा.

जखमेकडे रोज बघा. लाली, ऊब, सूज, पाणी येणं, ताप. संसर्गाचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह ते वाढवतात. घाम, धूळ आणि ओला गणवेश यांपासून जखम पूर्ण भरेपर्यंत लांब राहा.

पायरी ६: ड्युटीवर परत जाताना

तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत इशाऱ्यांचं प्रकरण असतं. ते मेडिकल ऑफिसरसोबत बसून वाचा आणि प्रत्येक इशाऱ्यापुढे आपलं काम लिहा. सैनिकाला लागू पडणाऱ्या मुख्य गोष्टी अशा.

पाणी आणि दाब. अनेक यंत्रांची मर्यादा पाण्याखाली १० मीटर आणि दाबाच्या कक्षात २ वातावरण (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट) एवढीच असते. म्हणजे पाणबुड्याचं काम बंद. ऑक्सिजनच्या दाबकक्षातल्या उपचाराआधीही यंत्राची मर्यादा तपासायला हवी.

उंची. स्टिम्युलेटरला उंचीचा सहसा त्रास नाही. वायूच्या दाबावर चालणारे, एकाच वेगानं औषध सोडणारे जुन्या पद्धतीचे पंप मात्र बाहेरचा दाब कमी झाला की जास्त औषध सोडतात. अंगात ताप असला तरी तसंच होतं. उंच पर्वतात पोस्टिंग असेल तर आपला पंप वायूवर चालतो की मोटरवर, हे विचारल्याशिवाय निघू नका.

धक्के. छत्री उघडतानाचा हिसका, उंचावरून उडी, कुस्ती आणि हातघाईचा सराव यांत लीड किंवा नळी ओढली जाते. माझ्या मते या कामांना सरळ नकार द्यावा.

चुंबक आणि लहरी. ताकदवान रडार, मोठे ट्रान्समीटर, आर्क वेल्डिंग, उच्चदाबाच्या वाहिन्या, जहाजाचं चुंबकत्व घालवणारी गुंडाळी, मोठे जनरेटर. यांच्या जवळ गेल्यावर स्टिम्युलेटर अचानक जोरात ठोका देऊ शकतो किंवा बंद होऊ शकतो. हत्यार हातात असताना किंवा शिडीवर असताना तो ठोका बसला तर काय होईल, याचा विचार आधीच करा. मेटल डिटेक्टरच्या कमानीतून जाण्याआधी यंत्र बंद करा, मधून सरळ चाला, रेंगाळू नका. हातातला डिटेक्टर बॅटरीवर धरू देऊ नका, कार्ड दाखवा.

गाडी आणि हत्यार. ज्या स्टिम्युलेटरमध्ये मुंग्या आल्यासारख्या जाणवतात, त्यांचा जोर अंग वळवलं, मान झुकवली, आडवं झालं की बदलतो. म्हणून गाडी किंवा यंत्रसामग्री चालवताना असे स्टिम्युलेटर बंद ठेवायला सांगतात. २०१५ पासून अमेरिकेत मान्यता मिळालेल्या १० किलोहर्ट्झच्या उच्च वारंवारतेच्या उपचारात मुंग्या जाणवतच नाहीत, म्हणून ही अडचण तिथे येत नाही. ड्रायव्हर, गनर, क्रेन चालवणारे यांनी यंत्र निवडण्याआधी हा फरक आवर्जून विचारावा.

अशी यंत्रं घेऊन सैनिक प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात गेले आहेत. अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी २००९ मध्ये अशा मोजक्या सैनिकांचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. म्हणजे हे अशक्य नाही. पण माणसं मोजकी होती, हेही विसरू नका.

पायरी ७: चार्जिंग आणि सिग्नल

चार्ज करावी लागणारी बॅटरी जास्त वर्षं चालते, पण तिला वीज लागते आणि शांतपणे बसायला वेळ लागतो. चार्जरची चकती त्वचेवर बॅटरीच्या नेमक्या वर धरावी लागते. चकती गरम होते, म्हणून ती अंगाखाली दाबून झोपून जाऊ नका, भाजतं. बॅटरी पूर्ण मरू दिली तर काही मॉडेल पुन्हा उठतच नाहीत. ठाण्यावर विजेची खात्री नसेल तर चार्ज न करावी लागणारी बॅटरी बरी. ती काही वर्षांनी छोट्या शस्त्रक्रियेनं बदलावी लागते, पण रोजची चिंता नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. नव्या यंत्रांचा रिमोट बऱ्याचदा मोबाइलसारखा असतो आणि ब्लूटूथवर चालतो. संवेदनशील जागी मोबाइल आणि ब्लूटूथ आत न्यायला बंदी असते. दारावर वाद घालण्यापेक्षा सुरक्षा अधिकाऱ्याला आधी भेटा, कागद दाखवा आणि ठरवून घ्या: रिमोट बाहेर ठेवायचा की साधा, बिनमोबाइलचा रिमोट मिळतो का. रिमोट जवळ नसताना यंत्र बंद करायची वेळ आली तर काय करायचं, हेही विचारा. काही यंत्रं चुंबकानं बंद करता येतात, काही नाहीत.

पायरी ८: पंप असेल तर तारीख म्हणजे तारीख

पंपाच्या टाकीत साधारण २० किंवा ४० मिलिलिटर औषध मावतं. मात्रेनुसार महिन्या-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, ती सुईनं भरावी लागते. भरायची तारीख सुट्टीच्या तारखेपेक्षा महत्त्वाची. मोहीम लांबली, रस्ता बंद झाला, हेलिकॉप्टर उडालं नाही, ही कारणं पंपाला कळत नाहीत. म्हणून पोस्टिंगआधी हिशोब करा: टाकी कधी रिकामी होईल, त्याआधी भरायला कुठे पोचायचं, तिथे ते औषध आणि पंपाचा प्रोग्रामर (बाहेरून पंपाची सेटिंग तपासायचं आणि बदलायचं यंत्र) आहे का, आणि वाट बंद असेल तर दुसरी वाट कोणती. हिशोबात किमान दोन आठवड्यांची मोकळीक ठेवा. ती ठेवता येत नसेल तर ती पोस्टिंग तुमच्यासाठी नाही, हे वरिष्ठांना सांगायलाच हवं.

औषधानुसार धोका बदलतो. बॅक्लोफेन स्नायूंच्या ताठरपणासाठी देतात, कण्याला मार लागलेल्या सैनिकांना ते मिळतं. ते अचानक थांबलं तर सुरुवातीला पुरळ नसलेली खाज आणि वाढता ताठरपणा, मग खूप ताप, भ्रम, स्नायूंची मोडतोड आणि वेळेत उपचार न झाल्यास मृत्यू. बाहेरून हे उष्माघातासारखं किंवा मोठ्या जंतुसंसर्गासारखं दिसतं. उन्हातल्या सरावानंतर एखादा जवान असा पडला तर सगळे त्याच्यावर पाणी ओततील, पंपाची आठवण कुणालाच होणार नाही. म्हणून तुमच्या साथीदाराला ही खूण पाठ हवी. डॉक्टरांनी दिल्यास तोंडावाटे घ्यायचं बॅक्लोफेन कायम खिशात ठेवा. मॉर्फिन अचानक थांबलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता आणि प्रचंड दुखणं. झिकोनोटाइड हे २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं औषध अचानक थांबवलं तरी अशी प्रतिक्रिया देत नाही, पण भ्रम आणि मनावर परिणाम घडवू शकतं. हत्यार बाळगणाऱ्यासाठी ती गोष्ट लहान नाही.

उलटा धोका जास्त मात्रेचा. भरताना सुई टाकीत न जाता बाजूच्या त्वचेखाली गेली, तर कित्येक दिवसांचं औषध एकदम अंगात भिनतं. गुंगी, मंद श्वास, बेशुद्धी. म्हणून पंप भरल्यावर लगेच गाडी चालवत निघू नका. सांगतील तितका वेळ तिथेच बसा आणि त्या दिवशी एकट्यानं राहू नका. मॉर्फिन असेल तर नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं औषध) जवळ असावं की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

पंपात काय भरलं आहे तेही विचारा. एफडीएनं नोव्हेंबर २०१८ मध्ये इशारा दिला होता की पंपातून वेदनेसाठी द्यायला मान्यता असलेली औषधं दोनच, मॉर्फिन आणि झिकोनोटाइड. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी इतर मिश्रणं भरली जातात आणि त्यांतल्या काहींनी पंपाचा बिघाड किंवा मात्रेची चूक होऊ शकते. डॉक्टर विचार करून मिश्रण देत असतील, पण ते तुम्हाला माहीत हवं आणि कार्डावर लिहिलेलं हवं.

पंप बीप करायला लागला की तो आवाज टाळायचा नाही. रात्रीच्या शांततेत पोटातून बारीक टीट-टीट ऐकू येतं, काहींना ते घड्याळ वाटतं. आपल्या पंपाचा इशारा बसवतानाच वाजवून दाखवायला सांगा. पायात नवा बधिरपणा, अशक्तपणा किंवा आटोक्यात असलेलं दुखणं पुन्हा वाढणं, हेही लगेच कळवा. नळीच्या टोकाशी गाठ तयार होऊन ती मज्जारज्जू दाबू शकते.

पायरी ९: तुम्ही बोलू शकणार नाही, तेव्हासाठी

यंत्राचं कार्ड नेहमी अंगावर हवं, पाकिटात आणि ओळखपट्टीसोबतही. त्यावर यंत्राचं आणि लीडचं मॉडेल, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, शरीरातली जागा, पंप असेल तर औषध, मात्रा आणि पुढची भरायची तारीख. प्रोग्रामच्या सेटिंगची प्रत युनिटच्या दवाखान्यात.

एमआरआय. "एमआरआय कंडिशनल" याचा अर्थ अटी पाळल्या तरच सुरक्षित: चुंबकाची ठरावीक ताकद, शरीराचा ठरावीक भाग, लीड अखंड आणि यंत्र ठरलेल्या मोडमध्ये. अटी न पाळल्यास लीड तापून आजूबाजूची ऊती भाजू शकते. मोटरचा पंप चुंबकात थांबतो, नंतर चालू झाला की नाही ते प्रोग्रामरनं तपासावंच लागतं. एका प्रकारच्या पंपातलं औषध एमआरआयआधी काढून टाकावं लागतं, नाहीतर ते एकदम सुटू शकतं. अंगात जुने छर्रे असतील तर तेही सांगा.

डायाथर्मी. फिजिओथेरपीतला हा शेक स्टिम्युलेटर असलेल्याला पूर्ण वर्ज्य. लीड अँटेनासारखी ऊर्जा पकडते आणि टोकाशी ऊती जळते. मेंदूत लीड असलेल्या दोन रुग्णांवर डायाथर्मीनंतर कोमात जाऊन मृत्यू ओढवल्यावर एफडीएनं २००२ मध्ये इशारा काढला. गुडघा दुखतोय म्हणून शेक घ्यायला गेलात तरी आधी यंत्राचं सांगा. यंत्र बंद असलं तरीही नाही.

शस्त्रक्रियेत विजेनं रक्त थांबवायचं असेल तर सर्जनला आधी माहिती हवी. हृदय बंद पडलं तर मात्र शॉक द्यायला कुणीही थांबू नये. आधी जीव, यंत्र नंतर तपासता येतं. हे साथीदाराला स्वतः सांगून ठेवा.

पायरी १०: बदली, निवृत्ती आणि काढलेलं यंत्र

नव्या ठिकाणी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मेडिकल ऑफिसरला भेटा, फाइल पाठवली असली तरीही. यंत्र सांभाळणारा जवळचा तज्ज्ञ कोण, ते त्याच दिवशी लिहून घ्या.

यंत्र उपयोगाचं राहिलं नाही म्हणून काढलं, तर शस्त्रक्रियेनंतर सर्जनला विचारा की आत काही उरलं आहे का. कधी बॅटरी काढतात आणि लीडचा तुकडा आतच राहतो, कारण तो काढणं जास्त धोक्याचं असतं. असा सुटा तुकडा एमआरआयमध्ये तापू शकतो आणि "माझं यंत्र तर काढलं" या भरवशावर लोक थेट मशीनमध्ये जातात. म्हणून यंत्र काढल्यानंतरही जुनं कार्ड फेकू नका. त्यावर कायमच्या शाईनं लिहा: बॅटरी काढली, तारीख अमुक, लीड आत आहे किंवा नाही. एक एक्स-रे काढून त्याची प्रत त्याला जोडा.